एक कोयता म्हणजे किती माणसं?

दसरा झाला की बीड-नगर रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांचं एक दृश्य हमखास दिसतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, चूल, कोंबड्यांचं खुराडं, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर घोंगडीत गुंडाळून झोपवलेली पोरं. मग चार-पाच महिने पेपरात ठरावीक बातम्या येत राहतात. मजुरीच्या दरासाठी कोयता बंद. मुकादम उचल घेऊन पसार. ट्रॉली उलटून मजूर ठार. एप्रिलपर्यंत सगळं थंड होतं आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच.

बातम्या सवयीच्या झाल्या की मुळातला प्रश्न विचारायचा राहून जातो. कोल्हापूर-सांगलीत, नगरच्या कालव्यांवर माणसं नाहीत का? तिथला ऊस तोडायला दोनशे-तीनशे किलोमीटरवरून बिऱ्हाडं का आणावी लागतात?

मी उसाच्या पट्ट्यात वाढले. ऊसतोडीची टोळी कुठलीही असो, जतची, पाथर्डीची की चाळीसगावची, आमच्याकडे म्हणायचे "बीडवाले आले." लहानपणी मला वाटायचं, पावसाळा-हिवाळ्यासारखा बीड हा एक ऋतूच असावा. हा ऋतू कधी आणि कसा सुरू झाला, ते बघू.

आधी तीन शब्द

कोयता: हे तोडणीचं हत्यार, पण ऊसतोडीच्या हिशेबात ते माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. "किती कोयते आहेत?" याचा अर्थ किती जोड्या आहेत. बाई वेगळी मोजली जात नाही, पोरं तर नाहीतच.

मुकादम: टोळी गोळा करणारा, तिला कारखान्यावर नेणारा आणि हिशेब ठेवणारा. बहुतेकदा त्याच गावचा, त्याच भावकीतला, आणि पुष्कळदा एके काळी स्वतः कोयता धरलेला.

उचल: हंगाम सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी जोडीला मिळणारी एकरकमी रक्कम. ती नंतर ऊस तोडून फेडायची. पुढची सगळी गोष्ट या तिसऱ्या शब्दाभोवती फिरते, पण तिथे पोचायला वेळ आहे.

ऊस थांबत नाही

ज्वारी कापून खळ्यावर ठेवली तर महिनाभर काही बिघडत नाही. उसाचं तसं नाही. तोडल्या क्षणापासून तो वाळायला लागतो, त्यातली साखर कमी व्हायला लागते. शक्यतो चोवीस तासांच्या आत तो गाळला पाहिजे. दुधासारखंच समजा. फरक इतकाच की दूध शीतगृहात ठेवता येतं, हजारो टन ऊस ठेवायला शीतगृह नसतं.

दुसरी अडचण कारखान्याची. एकदा बॉयलर पेटला की तो रात्रंदिवस चालवायचा असतो. गव्हाण, म्हणजे गिरणीत ऊस टाकायची जागा, रिकामी पडली तर इंधन, वाफ, पगार सगळं वाया. लग्नाच्या पंगतीला आचारी चुलीवर कढई ठेवून बसलाय आणि भाजी चिरणारे आलेच नाहीत, अशी गत होते.

आता आकडा मांडू. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना आज काही फार मोठा समजत नाहीत. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तरी रोज अडीच हजार जोड्या लागतात, म्हणजे पाच हजार माणसं. एकाच कारखान्याला. तीही चार-पाच महिने, पहाटेपासून, एकही दिवस न चुकता. मे महिन्यात त्यातल्या एकाचीही गरज नसते. राज्यात असे दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात.

गुळाच्या काळात हा प्रश्नच नव्हता. गुऱ्हाळ छोटं, रोज लागेल तेवढाच ऊस तोडायचा, घरची माणसं आणि गावातले गडी पुरायचे. प्रश्न पिकातून आला नाही, गिरणीच्या पोटातून आला.

पाणी एकीकडे, माणसं दुसरीकडे

१८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दख्खनमध्ये कालवे काढायला घेतले. हेतू दुष्काळ निवारणाचा होता: पाऊस हुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पण पाऊस बरा झाला की शेतकरी ज्वारीसाठी पैसे मोजून पाणी घेईनात, आणि कालव्याचा खर्च निघेना. खर्च भरून काढणारं एकच पीक होतं, ते म्हणजे ऊस. माणसं जगवायला काढलेले कालवे असे उसाकडे वळले. या इतिहासातला मला सगळ्यात बोचणारा भाग हाच.

गंमत म्हणजे उसासाठी गाव सोडणारे पहिले लोक मजूर नव्हते, शेतकरी होते. सासवडचे माळी. बागायतीत मुरलेली ही मंडळी नीरेच्या आणि पुढे गोदावरीच्या कालव्यांवर गेली, तिथली जमीन खंडाने घेतली आणि उसाचे मळे उभे केले. १९३० च्या दशकात माळीनगरचा कारखाना त्यांनीच काढला.

दारणा, भंडारदरा, भाटघर ही धरणं १९१६ ते १९२८ या काळात झाली. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जबर कर लावून देशी कारखानदारीला संरक्षण दिलं आणि कारखाने भराभर निघाले. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढची कथा प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, कारण आपलं निम्मं राजकारण त्याच गव्हाणीतून बाहेर पडलं.

आता नकाशाच्या दुसऱ्या बाजूला या. बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, आणि त्याला लागून नगरचे पाथर्डी-शेवगाव. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. माती हातभर खोल, खाली मुरूम. पैठणला जायकवाडी धरण झालं, पण पाणी डोंगर चढून वर येत नाही. खरिपाची बाजरी किंवा मूग निघाला की शेतात काम उरत नाही, आणि नेमका तेव्हाच, दिवाळीच्या आसपास, तिकडे कारखान्यांचे बॉयलर पेटतात. दोन्हीकडची दिनदर्शिका कुलूप-किल्लीसारखी एकमेकांत बसते.

१९७२ च्या दुष्काळाने किल्ली फिरवली. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत किंवा कसायाकडे गेली, लाखो माणसं खडी फोडायला बसली. त्याआधीही लोक ऊसतोडीला जात होते. बहात्तरनंतर गावंच्या गावं जायला लागली. दुष्काळ संपला, जाणं संपलं नाही. आज राज्यात ऊसतोड कामगार किती, याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. उसाचा वजनकाट्यावर किलोकिलोचा हिशेब होतो, माणसांच्या आकड्यात सात लाखांची तफावत चालून जाते.

मग गावातलीच माणसं का नकोत?

इथपर्यंतचं उत्तर सोपं आहे: इकडे काम आहे, तिकडे दुष्काळ आहे. पण ते पुरत नाही. उसाच्या पट्ट्यातही भूमिहीन आहेत. त्यांना काम का देत नाहीत?

याचं उत्तर शोधायला दक्षिण गुजरातेत जावं लागेल. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बारडोलीच्या परिसरात हाच प्रश्न धरून काम केलं. तिथे गावोगाव हळपती समाजाचे भूमिहीन मजूर आहेत. तरी तिथले सहकारी कारखाने ऊसतोडीला माणसं आणतात खानदेशातून आणि डांगच्या डोंगरातून. ब्रेमन यांचा निष्कर्ष असा होता की बाहेरचा माणूस निव्वळ स्वस्त म्हणून आणला जात नाही, तो ताब्यात राहतो म्हणून आणला जातो.

म्हणजे काय? आमच्या गावातला गडी सकाळी नऊला येईल, पाचला घरी जाईल. सोयऱ्याच्या दहाव्याला जाईल, जत्रेला दांडी मारेल. मजुरी पटली नाही तर शेजारच्या गावात जाईल. रात्री दोनला ट्रक भरायला बोलावलं तर येणार नाही, आणि का यावं? टोळीतल्या माणसाचं घर मात्र फडाच्या, म्हणजे तोडणी चालू असलेल्या शेताच्या, कडेलाच असतं. त्याला कोपी म्हणतात: बांबूची चटई, वर प्लॅस्टिक, आत गुडघ्यावर बसूनच वावरता येईल एवढी जागा. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. तिथे नातलग नाहीत, ओळखीचा दुकानदार नाही, सरपंच आपला नाही, मतदान तर नाहीच. आणि मध्येच निघून जायचं म्हटलं तर उचल आहे.

घरगड्याला ज्या अटी सांगायला शेतकऱ्याला लाज वाटेल, त्या परगावच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तो आलेलाच त्या अटींवर असतो.

उचल म्हणजे आगाऊ पगारच ना?

हा आक्षेप नेहमी येतो. "एका जोडीला लाख-लाख रुपये आधीच मिळतात, आम्हाला कोण देतं?" रास्त वाटतो. म्हणून गणित करून बघू.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ च्या घरात गेला. (बैलगाडी, ट्रॅक्टर वगैरेचे दर वेगळे असतात, आपण साधी तोडणी धरू.) दिवसाला दोन टन म्हणजे जोडीला ७३२ रुपये. माणशी ३६६. पहाटे चारपासून गाडी भरून होईपर्यंतच्या दिवसाचे.

समजा उचल आहे एक लाख. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन, एकही दिवस न चुकता, तर १३७ दिवस. आता हंगाम किती दिवसांचा? ते पावसावर. २०२१-२२ मध्ये ऊस एवढा होता की काही कारखाने जूनपर्यंत चालले. २०२४-२५ मध्ये बहुतेकांचा पट्टा मार्चमध्येच पडला. (हंगाम संपला, याला "पट्टा पडला" म्हणतात.) शंभर दिवसांचा हंगाम धरला तर कमाई ७३,२०० रुपये. बाकी २६,८००.

आणि चार महिने खायचं काय? त्यासाठी मुकादम आठवड्याला किंवा पंधरवड्याला "खर्ची" देतो. तीही वहीत चढते. म्हणजे पट्टा पडताना बाकी आणखी वाढलेली. वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पेंढ्या बांधून विकून वरखर्चाला थोडे सुटतात, एवढाच काय तो रोख पैसा. हंगाम लहान होणं हा ना मजुराचा दोष ना मुकादमाचा, पण त्याची किंमत वहीच्या एकाच बाजूला लिहिली जाते.

इथे लगेच दुसरा प्रश्न येतो: मग जातात कशाला? गावात रोजगार हमी आहे ना? ती योजना तर महाराष्ट्रातच जन्मली. खरंय. पण रोहयोचा पैसा काम झाल्यावर येतो, थोडा थोडा, आणि कधी कधी फार उशिरा. उचल कामाआधी येते, एकदम येते. आणि येते ती जून ते सप्टेंबरात, जेव्हा पेरणी असते, मुलांचे शाळाप्रवेश असतात, मे महिन्यात उरकलेल्या लग्नाचं देणं दारात उभं असतं. ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याला लाखभर रुपये बिनतारण देणारा गावात एकच माणूस असतो. तारण नाही म्हणतात, पण ते आहे. पुढच्या हंगामातले त्याचे आणि बायकोचे हात.

या व्यवहारात आणखी एक विचित्र गोष्ट आहे आणि ती सहसा निसटते. गेल्या काही वर्षांत ऊसतोडीला माणसं कमी पडायला लागलीत. शिकलेली पोरं चाकण, रांजणगावला जातात. माणूस कमी पडला की त्याचा भाव वाढतो, हा बाजाराचा नियम. इथे काय वाढलं? काही हजारांत असणारी उचल लाखावर गेली. टनाचा दर त्या वेगाने वाढला नाही. म्हणजे मागणी वाढल्याचा फायदा मजुराला मिळाला, पण मजुरी म्हणून नाही, कर्ज म्हणून.

एक दिवस आजारी पडलं तर?

तर खाडा. कामावर न आल्याचा दंड. फक्त त्या दिवसाची मजुरी बुडत नाही, वर दंड वहीत चढतो.

याची मुळं किती जुनी आहेत बघा. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. गुलामगिरी बंद होत होती आणि मळेवाल्यांना दुसरे हात हवे होते. त्या बोटींत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. पाच वर्षांचा करार असायचा, आणि एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची पद्धत होती. समुद्रापलीकडचा मळा आणि आपला फड यांच्यात सरळ धागा आहे असं मी म्हणत नाही. पण पीक तेच, घाई तीच, आणि घाईची शिक्षाही तशीच.

खाड्याचा सगळ्यात जड भार बाईवर पडतो. फडातला दिवस कसा असतो ते सांगते. अंधारात कोयत्यावर कानस फिरल्याचा करकर आवाज येतो, तोवर बाईचा स्वयंपाक झालेला असतो. मग तोडणी. पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, पाती हाताला चिरे पाडते म्हणून अंगात नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. ऊस बुडख्यात तोडायचा, वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, वाढ्यानेच मोळी बांधायची. गाडी आली की डोक्यावर चुंबळ, त्यावर तीस-चाळीस किलोची मोळी, आणि एका अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ही फळी मी लहानपणी बघितलीय. ती प्रत्येक पावलागणिक वाकायची. पोटुशी बाईसुद्धा त्याच फळीवरून चढायची.

शौचालय नाही, पाणी लांब, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पिशवी काढली की पाळीचा त्रास नाही, आणि त्रास नाही म्हणजे खाडा नाही. या हिशेबाला काही डॉक्टरांची घाई आणि कॅन्सरची भीतीही येऊन मिळाली. शस्त्रक्रियेचा खर्च कुठून? पुष्कळदा पुन्हा उचलीतून.

कायदा नाही का?

आहेत, पण प्रत्येकाला एक भोक आहे.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. पण उचल घेताना माणूस स्वतःच्या पायाने येतो, कागदावर अंगठा देतो, त्यामुळे ही वेठबिगारी आहे हे सिद्ध करायला कोण जाणार? १९७९ मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी खास कायदा झाला. त्याच्या नावातच "आंतरराज्य" हा शब्द होता. म्हणजे बीडची टोळी सीमेपलीकडे कर्नाटकातल्या चिकोडीत गेली तर कायदा लागू व्हायचा, अलीकडे शिरोळला थांबली तर नाही. ऊस तोच, कोपी तीच, मधे फक्त राज्याची वेस. आणि बहुतेक टोळ्या महाराष्ट्रातच राहतात.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे मालक कोण, हेच ठरत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार, म्हणजे ट्रॅक्टरवाला, म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, मी तर यांच्यातलाच, मला कमिशन मिळतं तेवढंच. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या उसाच्या पैशांतून कापला जातो, मी अजून काय द्यायचं? चौघेही खरं बोलतात. वजनकाट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, टोळीचा संकेतांक असतो. ऊस तोडणाऱ्याचं नाव नसतं.

अलीकडे थोडं हललंय. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्याला टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून मिळायचे ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. मुलांच्या बाबतीत प्रयोग जुने आहेत. कारखान्याच्या आवारातल्या साखरशाळा झाल्या, आजी-आजोबांकडे थांबणाऱ्यांसाठी गावात हंगामी वसतिगृहं झाली. तरी नोव्हेंबरात निघालेलं पोर मार्चमध्ये परत वर्गात बसतं तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं, आणि मुलगी जरा मोठी झाली की तिचं लग्न लावून द्यायची घाई होते, कारण कोपीत तिला एकटी ठेवायची भीती आणि लग्न झालं की एक नवा पूर्ण कोयता तयार.

"तेही काही कमी नाहीत"

आमच्या गावात हा लेख वाचला तर पहिली प्रतिक्रिया हीच येईल, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही.

टोळी फडात आली की शेतकऱ्याकडे "खुशाली" मागते, एकरी काही हजार. ड्रायव्हरची "एंट्री" वेगळी. दिली नाही तर ऊस उभा राहतो, तुरे येतात, वजन घटतं. ज्याची दोन एकरांची बाग आहे त्याला हे परवडत नाही. ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट तर आणखी वाईट. त्याने बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला असतो, त्यावर कोयत्यांसाठी आठ-दहा लाख मुकादमाला दिलेले असतात, आणि दसऱ्याला मुकादमाचा फोन बंद. एकाच टोळीची उचल दोन-तीन ठिकाणांहून घेतलेली असते. वसुलीसाठी मग माणसं डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते, पोलीस केस होतात, आणि वाहतूकदारांनी जीव दिल्याच्याही बातम्या येतात.

फसवणूक खरी आहे. पण ती कुठे होते बघा. कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये लाखो रुपये तोंडी विश्वासावर, एका वहीच्या भरवशावर फिरतात. टेबलाखालून चालणाऱ्या व्यवहारात फसवले जाणारेही टेबलाखालचेच असतात. वरचा उसाचा काटा व्यवस्थित चालू राहतो. खुशालीचंही तसंच. केंद्राने २०२५-२६ साठी उसाला टनाला ३,५५० रुपये किमान दर ठरवला, त्याला एफआरपी म्हणतात. त्यातले तोडणाऱ्याच्या हातात जातात साधारण दहावा हिस्सा. शेतकरी आणि तोडणारा ही दोन टोकं एकमेकांकडून ओरबाडतात, तेव्हा मधला भाग शांत असतो.

मग हार्वेस्टर आणा की

आणतायत. एका मशीनची किंमत कोटीच्या आसपास, २०२३ मध्ये राज्यात त्यासाठी पस्तीस लाखांपर्यंतचं अनुदान जाहीर झालं. दिवसाला शंभर-दीडशे जणांचं काम एक मशीन करतं.

पण अडचणी आहेत. मशीनला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, आपल्याकडे बरीचशी लागवड त्याहून दाट. शेतं लहान, बांध वाकडे. पडलेला ऊस मशीनला नीट उचलता येत नाही. उसाबरोबर पाचट येतं म्हणून वजनात कपात होते, आणि वाढ्यांचे तुकडे होऊन शेतभर पसरतात, म्हणजे दावणीच्या म्हशीला हंगामात मिळणारा फुकटचा चारा गेला.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण इथे कामाचं आहे. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोतून करारावर लाखो शेतमजूर आणले. तोवर टोमॅटो काढणीचं यंत्र प्रयोगशाळेत आणि चाचण्यांतच रेंगाळत होतं. करार बंद झाले आणि काही वर्षांतच कारखान्यांना जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. इतकंच नव्हे, यंत्राचा मार सोसेल असं जाड सालीचं टोमॅटोचं वाण तयार केलं गेलं. यंत्र आल्यामुळे माणसं गेली असं आपण समजतो, तिथे माणसं मिळेनाशी झाल्यावर यंत्राला वाट मिळाली. आपल्याकडे जोवर लाखभराच्या उचलीत एक कोयता मिळतो, तोवर सरी रुंद करायची घाई कुणाला नाही.

गेल्या हंगामात आमच्या भावकीतल्या एकाने हार्वेस्टर लावला. तीन एकराचं रान एका दिवसात मोकळं झालं, बघायला अर्धं गाव आलं होतं. विहिरीजवळचा आणि बांधाच्या कोपऱ्यातला, मशीन जिथे वळलं नाही तेवढा ऊस उभा राहिला. तो तोडायला दुसऱ्या दिवशी शेजारच्या फडातून दोन कोयते आले. मी मोजले. दोन पुरुष, दोन बायका, पाचटावर झोपवलेलं एक तान्हं, आणि त्याच्यावरची माशी वारत बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी.